हाक आणि ओ : बिनतारी यंत्रातील व्यत्यय

२०१५ साली भारत संचार निगमने वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर बिनतारी इंटरनेटची, म्हणजे वाय-फायची, सोय सुरू केली. संध्याकाळी गंगेच्या आरतीला या घाटावर जी दाटी होते, तिच्यातील बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो. त्यांपैकी पुष्कळ मोबाइल त्या वेळी कोणी वापरीतही नसते. तरी ते मधूनमधून ‘येथे कोणते जाळे आहे?’ असा प्रश्न हवेत सोडीत राहतात. अशा गर्दीत उभ्या केलेल्या कोणत्याही वाय-फाय यंत्राला या हाकांनाही ओ द्यावी लागते.

यंत्रात रेडिओसंदेश घेणारी चिप आणि प्रोसेसर ही दोन निराळी अंगे असतात. संदेशाचे पॅकेट आले की चिप ते स्मृतीतील राखीव कप्प्यांत परस्पर लिहून टाकते आणि मग प्रोसेसरला इशारा देते. या इशाऱ्यालाच इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, असे म्हणतात. प्रोसेसर हातातले काम खूण ठेवून थांबवितो आणि ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीतील ठरलेल्या भागाकडे वळतो. एकाच तारेवर कधी कधी दोन-तीन उपकरणे जोडलेली असल्यामुळे, हाक आपल्याच चिपची आहे काय, हे त्या भागाने प्रथम पाहावयाचे असते. चिपच्या रजिस्टरमध्ये कारण नोंदलेले असते. (वाचलेल्या संख्येतील सर्वच अंक एक निघाले, तर बहुधा चिपच जागेवरून नाहीशी झालेली असते. अनुभवी ड्रायव्हरलेखक ही तपासणी चुकवीत नाहीत.) कारण कळल्यावर चिपला पोच द्यावयाची आणि उरलेले काम मागाहून करण्यासाठी नोंदवून तत्काळ परतावयाचे.

तुरळक रहदारीत ही रीत उत्तम चालते. गर्दीत मात्र तीच घातक ठरते. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या अडचणीची बारकाईने चिकित्सा केली. नवी हाक नेहमीच जुन्या कामाच्या आधी ऐकली जात असल्यामुळे प्रोसेसरचा सारा वेळ पॅकेटे आत घेण्यातच जातो. ती पुढे पाठविण्यास सवडच उरत नाही. रांगा भरतात आणि श्रम खर्चून आत घेतलेली पॅकेटे टाकून द्यावी लागतात. यंत्र बंद नसते, रिकामेही नसते, पण त्यातून काहीच बाहेर पडत नाही.

यावरचा उपाय प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. पहिली हाक येताच ड्रायव्हरने त्या चिपचे व्यत्यय बंद करावयाचे आणि नंतर स्वतःच कप्पे तपासत जावयाचे. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीत ही व्यवस्था होती. तीत एका फेरीत सामान्यतः चौसष्टच पॅकेटे उचलतात, म्हणजे इतर कामांनाही पाळी मिळते. कप्पे रिकामे झाले की व्यत्यय पुन्हा चालू होतात. येथे एक सूक्ष्म फट राहते. शेवटची तपासणी आणि व्यत्यय चालू होणे यांच्यामध्ये एखादे पॅकेट आले, तर पुढची हाक येईपर्यंत ते पडून राहण्याचा धोका असतो. म्हणून जेथे चिप अशी राहून गेलेली हाक स्वतः पुन्हा देत नाही, तेथे व्यत्यय चालू केल्यावर ड्रायव्हरला कप्प्यांत आणखी एकदा डोकवावे लागते.

या व्यवस्थेत अतिरिक्त पॅकेटे प्रोसेसरला न शिवता दारातच गळतात. टाकावयाचेच असेल तर श्रम करण्याआधी टाकणे बरे. परंतु बिनतारी जाळ्यात याला एक वेगळीच गुंतागुंत आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पॅकेट संपल्यावर अवघ्या १० मायक्रोसेकंदांत त्याची पोच निघावी लागते. एरवी पाठविणारा ते हरवले असे समजून पुन्हा पाठवितो. ही घाई ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे पोच चिपच देते. मग कप्पे भरलेले असताना असेही घडू शकते की चिपने पोच दिली आणि पॅकेट मात्र ठेवण्यास जागाच मिळाली नाही. आरतीचे छायाचित्र घरी पाठविणाऱ्याच्या मोबाइलमधील रेडिओ ते पोचले असे मानून पुढे जातो. तूट उघडकीस येते ती वरच्या थरावर, दूरच्या संगणकाकडून यावयाची पोच येत नाही तेव्हा; आणि मग तोच तुकडा त्याच गर्दीतून पुन्हा पाठवावा लागतो.