हत्यारांचा कायदा आणि नागरिकाचा हक्क

आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमांत नागरिकांचीं जीं स्वातंत्र्यें सांगितलीं आहेत, तीं पुष्कळ विद्यार्थ्यांस पाठ असतात. त्यांत एकत्र जमण्याचा हक्क आहे. पण जमावें तें शांततेनें व शस्त्रांवांचून, अशी अट त्यास जोडलेली आहे. साऱ्या कलमांत शस्त्राचा उल्लेख एवढाच, आणि तोही नकारार्थी. परंतु शस्त्र बाळगणें हाही नागरिकाचा मूलभूत हक्क असावा, अशी सूचना घटना समितीपुढें रीतसर आली होती व ती फेटाळली गेली, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. अमेरिकेच्या घटनेंत असा हक्क १७९१ पासून आहे, आणि त्यावरून त्या देशांत आजही कडाक्याचा वाद चालतो. आपल्याकडे तो वाद कोणत्या वाटेनें आला व कोठें येऊन थांबला, हें पाहण्याजोगें आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें अनेक प्रांतांतील लोकांचीं हत्यारें काढून घेतलीं. पुढें लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत, १५ मार्च १८७८ रोजीं, हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून बंदूक तर नाहींच, पण तलवार घेऊन हिंडणेंही गुन्हा ठरलें. शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत, आणि हत्यार लपविल्यास सात वर्षांपर्यंत. याहून बोचणारी गोष्ट निराळीच होती. युरोपियनांस या कायद्यांतून सूट होती. एकाच रस्त्यानें चाललेल्या दोन माणसांपैकीं एकाच्या खांद्यावरील बंदूक शिकारीची व दुसऱ्याच्या खांद्यावरील बंडाची, हें कातडीच्या रंगावरून ठरे! त्याच वर्षीं देशी भाषांतील वर्तमानपत्रांचें तोंड बांधणारा कायदाही लिटन यांनींच केला. तो लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत रद्द झाला. हत्यारांचा मात्र राहिला.

कायद्याचा हेतु कितपत साधला? वर्ष लोटलें नाहीं तोंच, १८७९ च्या फेब्रुवारींत, पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांत नोकरी केलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोशांस हाताशीं धरून बंड उभारलें. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंच्या हातीं पिस्तुलें होतींच. ज्यानें प्राणावर उदार होऊन निश्चय केला, त्यास हत्यार मिळालें. अडला तो शेताच्या बांधावर रानडुकरांची वाट पाहत बसणारा कुणबी.

१८८७ सालीं मद्रास येथें भरलेल्या राष्ट्रीय सभेनें या कायद्यांत फेरफार करावा, असा ठराव केला. त्यांत दोन तक्रारी होत्या: कायद्यामुळें लोकांचे हाल होतात, ही एक, आणि राजनिष्ठ प्रजेवर विनाकारण कलंक लागतो, ही दुसरी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, व पुढील सारा इतिहास समजण्यास हा भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कलंकाची बोच किती खोल होती, हें महात्मा गांधींच्या लेखनावरून दिसतें. अहिंसेच्या या पुरस्कर्त्यानें ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरविला. १९३० सालीं त्यांनीं सरकारपुढें ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत आत्मरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत, मात्र ते लोकांच्या नियंत्रणाखालीं असावेत, हीही एक होती. ज्याच्या हातांत शस्त्र येऊंच शकत नाहीं, त्यानें तें टाकलें असें कसें म्हणावें? १९३१ च्या कराची येथील ठरावानें तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांतच घातला.

मग डिसेंबर १९४८ उजाडला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद हरि विष्णु कामत यांनीं हाच हक्क घटनेंत घालण्याची दुरुस्ती मांडली. सार्वजनिक शांततेसाठीं निर्बंध घालण्याची मुभाही त्यांनीं सरकारास ठेवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ती मान्य केली नाहीं. ज्यास वाटेल त्यानें बाजारांत जाऊन हवीं तीं मारक साधनें विकत घ्यावींत व सरकारनें आडकाठी करूं नये, असें झाल्यास राज्यकारभार चालावा कसा, असा त्यांचा प्रश्न होता. आणि मागावयाचेंच तर शस्त्राचा हक्क न मागतां शस्त्र धारण करण्याचें कर्तव्य मागावें, असें त्यांनीं सुचविलें. दुरुस्ती नामंजूर झाली.

तो काळ आठवावा. फाळणीच्या रक्तपातास दीड वर्षही झालें नव्हतें. ३० जानेवारीला पिस्तुलाच्या गोळ्यांनीं गांधीजींचा वध झाला होता, आणि त्या खुनाचा खटला त्याच दिल्लींत लाल किल्ल्यांत चालू होता. तें पिस्तुल परवान्याचें नव्हतें, हें खरें. पण ज्या देशांत शस्त्र मिळविणें सोपें, त्या देशांत चोरट्या शस्त्राचा माग काढणें अवघड, हेंही तितकेंच खरें. समितीचा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. परक्या सरकारचा अविश्वास हा अपमान होता. आपणच निवडलेल्या सरकारनें शेजाऱ्याच्या व आपल्या, दोघांच्याही बंदुकीवर सारखेंच लक्ष ठेवणें हा अपमान नव्हे. मात्र यानें निवारण झालें तें कलंकाचें. हाल हा प्रश्न उरलाच.

तो सोडविण्याची घाई कोणास दिसली नाहीं. लिटनसाहेबांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षें चालला. १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्यानें परवाना नाकारल्यास कारण लिहून ठेवण्याचें बंधन अधिकाऱ्यावर घातलें व अर्जदारास अपिलाची वाट दिली; आमच्या मतें कायद्याचें मर्म येथेंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाजवळ असावयाच्या बंदुकांची मर्यादा तिनांवरून दोनांवर आणली.

सर्वांस एकच माप लावलें आहे, असें मात्र नाहीं. कर्नाटकांतील कोडगूच्या कोडवा लोकांस इंग्रजांनीं १८६१ च्या सुमारास राजनिष्ठेबद्दल दिलेली सूट आजही चालू आहे. २०१९ सालीं केंद्र सरकारनें ती २०२९ पर्यंत वाढविली. कैलपोद सणाला ते घरांतील बंदुकीस फुलें वाहतात. आमच्या कोंकणांतील शेतकऱ्यास ठासणीच्या बंदुकीसाठीं शेतीसंरक्षणाचा परवाना काढावा लागतो, आणि निवडणूक आली म्हणजे परवान्यांची छाननी होऊन पुष्कळांस बंदूक पोलीस ठाण्यांत जमा करावी लागते. २०१९ ची विधानसभेची निवडणूक २१ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भातकापणीच्या दिवसांत झाली. रानडुकरांस आचारसंहिता ठाऊक नसते. बंदूक परत मिळेपर्यंत शेतकऱ्यानें माळ्यावर बसून पत्र्याचे डबे वाजवीत रात्र काढावी, एवढेंच त्याच्या हातीं राहतें.