झाडीतल्या आईला मुंबईच्या बागांनी शिकवलेलं

माझं माहेर सालेकसा तालुक्यातलं. गोंदिया जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, पलीकडे छत्तीसगड. दरेकसाचं जंगल, हाजरा धबधबा, कचारगडच्या गुहा हे सगळं आमच्या शेजारचं. लग्न झालं आणि विदर्भ एक्स्प्रेसनं मला माहीमच्या दीड खोलीत आणून सोडलं. मुलगी चालू लागली तेव्हा त्या दीड खोलीतून बाहेर पडणं भाग झालं आणि मी मुंबईच्या बागा पालथ्या घालू लागले. त्यातून जे हाती लागलं ते हे असं.

१. मुलांना निसर्ग नको असतो, घसरगुंडी हवी असते. लेकीला गोरखचिंचेचा तो अवाढव्य बुंधा दाखवावा, म्हणून मी मोठ्या हौसेनं राणीच्या बागेत गेले. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 2016 साली सेऊलहून आलेल्या पेंग्विनांना तिनं थोडा वेळ दिला आणि उरलेली दुपार एका पायरीवरून उड्या मारण्यात घालवली. मी हिरमुसले. मग आठवलं, मोहाच्या झाडाकडे आम्ही तरी ‘निसर्ग’ म्हणून कधी पाहिलं होतं? पहाटे उठून फुलं वेचायची, एवढंच आमचं नातं. कशाशी तरी खेळायला, काहीतरी करायला मिळालं की मगच ती जागा मुलाची होते.

२. झोपाळ्याची रांग हीच पहिली शाळा. घराजवळच्या बागेत झोपाळे दोन आणि मुलं पंधरा-वीस. नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ: वीस झोके झाले की उतरायचं. रांगेतली मुलंच मोठ्यानं मोजतात, कुणी मराठीत, कुणी हिंदीत, कुणी गुजरातीत, आणि पंधरानंतर सगळ्यांचाच वेग वाढतो. झोपाळ्यावरचं मूल ‘हळू मोजा’ म्हणून ओरडतं. माझी लेक अठरा म्हणायच्या आत साखळी धरून उभी असते. आमच्या लहानपणी वडाच्या पारंब्यांना तोटा नव्हता, त्यामुळे थांबायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नाही. बँकेच्या रांगेत ते अजून दिसतं.

३. गावात मोकळी जागा उरलेली असते, मुंबईत ती केलेली असते. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनखाली पाण्याचा अख्खा जलाशय आहे, त्याच्या छतावर आपण फुगे विकत घेतो. माहीम-धारावीच्या मधलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या जुन्या डेपोवर उभं आहे. 37 एकरांवर माती आणून, झाडं लावून, जगवून केलेलं जंगल! पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा, ‘आमच्याकडे या, म्हणजे जंगल दाखवते,’ असा माझा तोरा होता. आता तिथल्या झाडाखाली बसले की वाटतं, आमचं जंगल आम्हाला आयतं मिळालं. ते आम्ही केलं असतं, तर असं तोऱ्यात सांगितलं असतं का?

४. तिकिटाचंही कधी कधी काही म्हणणं असतं. मलबार हिलवर 2025 साली झाडांमधून जाणारी लाकडी उन्नत वाट सुरू झाली. लांबी 485 मीटर, तिकीट 25 रुपये. गावाहून बाबा आले होते, त्यांना घेऊन गेले. ‘जंगलात जाले तिकीट लागते का वो बाई?’ बाबांचा आवाज खणखणीत, रांग वळून बघू लागली. मी लाजेनं अर्धी झाले. आत गेल्यावर बाबा कठड्यावरून वाकून बराच वेळ खाली बघत राहिले. म्हणाले, ‘मातीले पाय लागत नाही, म्हनून खाली रोपटे उगवून रायले.’ सेल्फी काढण्यात दंग असलेल्या मला ते दिसलं नव्हतं.

५. समुद्र फुकट आहे, पण वेळ त्याची पाळावी लागते. बोड्या-तलावांच्या मुलखात पाणी असतं तिथेच असतं. चौपाटीवर ते चालत येतं. भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारी जिथे किल्ला केला तिथे या रविवारी त्याच वेळेला गुडघाभर लाटा असतात. आता घरातून निघण्याआधी मी दुधाबरोबर भरतीचीही वेळ बघते. नवरा जन्माचा मुंबईकर, त्याला हे ठाऊक नव्हतं. तेवढंच मला बरं वाटतं.

६. मैदान टिकतं ते भांडणाऱ्यांमुळे. शिवाजी पार्क 1925 साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा ते माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं 1927 मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. तिथल्या कट्ट्यावर बसलं की कळतं, या मैदानाचे मालक किती! क्रिकेटवाल्यांना खेळपट्टी हवी, चालणाऱ्यांना वाट, पक्षांना सभा, आजोबांना शांतता, आणि आजूबाजूच्या घरांना लाल धुळीपासून सुटका. प्रत्येकाची प्रत्येकाविरुद्ध तक्रार. आधी मला ही कटकट वाटायची. पण इतक्या लोकांनी हक्क सांगितलेल्या जागेवर कुणा एकाला डोळा ठेवणं सोपं नसतं. लाल धूळ मात्र लेकीच्या कानातून आठवडाभर निघत राहते.

७. मुंबईचं शहाणपण गावातही कामी येतं. दिवाळीनंतर माहेरी गेलो. धान निघालेल्या बांध्यांमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. लेकीनं विचारलं, ‘इथली बाग कुठेय?’ पोरं खो खो हसली. मीही हसले, पण मग नजर आखराकडे गेली. गुरं जमायची, आम्ही आट्यापाट्या खेळायचो, ती जागा. तिच्या एका कडेला विटांचा ढीग, दुसरीकडे कुणाचं तरी कुंपण. बाबांना विचारलं, आखराची हद्द कुठवर? त्यांनी हात लांब करून दाखवली. कागदावर आहे का, म्हटलं, तर म्हणाले, ‘साऱ्या गावाले मालूम आहे.’ गावाला ठाऊक असलेली हद्द किती दिवस पुरते, हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणारा कुठलाही आजोबा सांगेल. पुढच्या खेपेला तलाठ्याकडून उतारा काढायचा आहे. गावात चार लोकांशी वाजेल, बाबाही म्हणतील, मुंबईला जाऊन भांडखोर झाली. होऊ दे.