भीमाकाठचे युरेनियम

सोलापुरातील जुन्या घरांची जमीन तुम्ही पाहिली असेल. स्वयंपाकघरात, शाळेच्या ओट्यावर, मशिदीच्या सहनात करड्या रंगाची गुळगुळीत फरशी बसवलेली असते. तिला आपण शहाबादी फरशी म्हणतो. ही फरशी सोलापूरच्या जमिनीतून निघत नाही. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कलबुर्गीच्या पुढे शहाबाद हे गाव लागते. त्या गावावरून तिला हे नाव मिळाले. तो चुनखडीचा दगड आहे. अशाच चुनखडीच्या खडकात एक मौल्यवान धातू सापडला आहे. त्याचे नाव युरेनियम.

प्रथम आपल्या पायाखालचा दगड पाहू. सोलापुरात विहीर खोदली, की थोडी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कठीण दगड लागतो. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो थरांवर थर पसरत गेला आणि थंड होऊन त्याचा हा खडक बनला. हे थर किती जाड आहेत? लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे 1993 साली मोठा भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे खोल छिद्र घेतले. काळा दगड 338 मीटरपर्यंत होता. त्याच्याही खाली फार प्राचीन खडक लागला.

युरेनियम तसे सर्वच खडकांत थोडे थोडे असते. ते सोन्याहून कितीतरी पटींनी अधिक आढळते. पण एक टन बेसाल्टमध्ये ते एक ग्रॅमही भरत नाही. एक टन ग्रॅनाइटमध्ये तीन-चार ग्रॅम असते. तेव्हा आपल्या काळ्या दगडात युरेनियम शोधणे म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यासारखेच आहे.

आता भीमा नदीबरोबर पुढे चला. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा उजनी धरणातून पंढरपूरला येते. कुडल येथे तिला सीना मिळते आणि पुढे ती कर्नाटकात जाते. तिकडे काळ्या दगडाचा थर पातळ होत होत संपतो आणि त्याखालचे जुने खडक उघडे पडतात. वर चुनखडी, तिच्याखाली सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट. भूगर्भशास्त्रज्ञ या चुनखडीच्या प्रदेशाला भीमा द्रोणी म्हणतात. नाव नदीचे असले तरी हे खडक नदीपेक्षा फार जुने आहेत. नाव फक्त उसने घेतले आहे.

याच प्रदेशात यादगीर जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात गोगी नावाचे गाव आहे. (शहापूर आणि शहाबाद यांची गल्लत करू नका. परीक्षेत मुले हमखास करतात!) सोलापूरपासून सरळ रेषेत ते दीडशे किलोमीटरांच्या आत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना गोगी ठाऊक असायला हवे. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशाह 1510 साली वारला. त्याची कबर गोगीला, हजरत चंदा हुसैनी यांच्या दर्ग्याजवळ आहे. ज्या गावाकडे शतकानुशतके लोक जियारतीसाठी येत होते, त्याच गावाकडे 1990 च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ यंत्रे घेऊन आले.

ते भारत सरकारच्या परमाणू खनिज विभागाचे लोक होते. या विभागाची सुरुवात 1949 साली झाली. डॉ. होमी भाभा यांना अणुशक्तीसाठी देशातलेच खनिज हवे होते. त्यांनी ते काम दाराशा नोशेरवान वाडिया या थोर भूगर्भशास्त्रज्ञावर सोपवले. वाडियांनी जम्मूच्या महाविद्यालयात शिकवता शिकवता हिमालयाचे खडक पायी फिरून तपासले होते. या विभागाचे मुख्य कार्यालय आता हैदराबादला आहे.

पण मोकळ्या माळावर युरेनियम ओळखायचे कसे? त्याची खनिजे बहुधा काळी व जड असतात. परंतु काळा दगड दिसला म्हणजे युरेनियम सापडले असे होत नाही, नाहीतर सगळा सोलापूर जिल्हा श्रीमंत झाला असता! युरेनियमची खरी ओळख त्याच्या किरणांवरून पटते. 1896 साली आंरी बेक्वेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला आढळले, की युरेनियमच्या क्षारांतून आपोआप अदृश्य किरण बाहेर पडतात. हे किरण मोजणारे उपकरण हातात घेऊन शोधक रानोमाळ चालतात. कधी ते जीपमध्ये, कधी हेलिकॉप्टरमध्ये बसवतात. आकडा वाढला, की थांबायचे आणि नकाशावर खूण करायची.

येथे दोन अडचणी आहेत. पोटॅशियम आणि थोरियम यांचेही किरण उपकरणाला लागतात. म्हणून दगडाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय काहीच ठरत नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी. अर्ध्या मीटर मातीचा थरसुद्धा बहुतेक किरण अडवतो. मग शंभर मीटर खोल असलेले खनिज वरून कसे कळणार?

अशा वेळी पाणी उपयोगी पडते. हवेतला ऑक्सिजन मिसळलेल्या पाण्यात युरेनियम विरघळते आणि पाण्याबरोबर प्रवास करते. जेथे ऑक्सिजन नसतो, तेथे ते पाण्यातून सुटून खडकाच्या फटींत बसते. गोगीला असेच घडले. तेथे जमिनीत एक लांब भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकले, चुनखडी आणि ग्रॅनाइट यांचा चुरा झाला आणि त्या फटींत युरेनियम साचले. म्हणून शोधक विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून नेतात. एका विहिरीत युरेनियम जास्त निघाले, की शेजारच्या दहा विहिरी तपासतात.

शेवटी भोके पाडावी लागतात. पोकळ नळीच्या टोकाला हिरकण्या बसवलेल्या असतात. नळी फिरत फिरत खाली जाते आणि तिच्यातून खडकाचे लांब गोल तुकडे वर येतात. ते खोलीचा आकडा लिहून पेटीत ओळीने ठेवतात. मग त्याच छिद्रात मापक सोडून किती मीटरवर किरण वाढतात ते पाहतात. एक भोक कोरडे निघाले, तर पुन्हा थोड्या अंतरावर दुसरे. हे काम कंटाळवाणे असते. सहनशक्ती असणाऱ्यानेच ते करावे.

हाच विभाग इतर दुर्मीळ धातूही शोधतो. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात त्याला लिथियम आढळले. मोबाइलच्या बॅटरीत लागते तेच हे लिथियम. लिथियममधून किरण निघत नाहीत. त्यामुळे ते शोधताना माती आणि खडक यांच्या रासायनिक तपासणीवरच भर द्यावा लागतो.

खनिज सापडले म्हणजे खाण सुरू झाली असे मात्र नाही. (मराठीत खाण, उर्दूत कान. शब्द किती जवळचे आहेत पाहा.) झारखंडमधील जादुगुडा येथे 1951 साली युरेनियम सापडले. ते काढणारी सरकारी कंपनी 1967 साली स्थापन झाली. तेथील एक टन धातुकातून एक किलोही युरेनियम मिळत नाही. बाकीचा दगड दळून त्याचा गाळ बंधारा घालून साठवावा लागतो आणि त्या गाळात किरणोत्सर्गी पदार्थ उरतात.

गोगीचे धातुक जादुगुडापेक्षा चांगल्या प्रतीचे आहे. त्याच सरकारी कंपनीने तेथे जमिनीखाली शोधासाठी खोदकामही केले. परंतु गावकऱ्यांनी विरोध केला. आमच्या विहिरींचे काय होणार, शेतीचे काय होणार, असे त्यांनी विचारले. त्यांचे विचारणे रास्तच होते. पिण्याच्या एक लिटर पाण्यात 30 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक युरेनियम नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आणि जेथे खनिज आहे, तेथे खाण नसतानाही पाण्यात ते उतरू शकते. ज्या विहिरीचा आकडा पाहून शोधक आनंदतो, त्याच विहिरीवर कुणीतरी सकाळी घागर भरायला आलेले असते. म्हणून बाटली भरून नेणाऱ्या माणसाने तपासणीचा आकडा त्या घरालाही कळवायला हवा.

स्वाध्याय

1. सोलापूरच्या काळ्या दगडात युरेनियमचा शोध का घेत नाहीत?
2. विहिरीचे पाणी शोधकाला काय सांगते? तेच पाणी गावकऱ्याला काय सांगते?
3. घराजवळची एखादी विहीर वरूनच, मोठ्या माणसांबरोबर पाहा. माती, मुरूम आणि दगड यांचे थर वहीत काढा.