पर्जन्यमापक रुसला तर...

बाहेर धो धो पाऊस आणि गच्चीवरचं यंत्र म्हणतंय 'शून्य'! होस्टेलवर आमचे तीन दिवसांचे आकडे असेच कायमचे गेले. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम 73. म्हणून अंधेरीचा पाऊस अंधेरीतच मोजायला हवा, आणि नीट.

नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन कप्प्यांची वाटी असते. साधारण 0.2 मिमी पाऊस साठला की ती कलते, लोहचुंबक रीड स्विचजवळून जातं, एक नोंद होते.

1) नरसाळं काढा. आमच्यात कबुतराचं पीस आणि घाण अडकली होती. हातमोजे घालून मऊ ब्रशने साध्या पाण्याने धुवा.

2) वाटीभोवतीची कोळिष्टकं काढा. तेल मुळीच नको, धूळ चिकटते.

3) यंत्र पाणसळ लावून सपाट बसवा.

4) आता परीक्षा! नरसाळ्याचा व्यास 16 सेमी असेल तर 200 मिली पाणी अगदी हळू ओता. म्हणजे 10 मिमी पाऊस, सुमारे 50 टकटक. वाटी हलते पण आकडा येत नाही? मग स्विच किंवा वायर बघा.

आणि हो, हा 'नळाचा पाऊस' नोंदीतून वजा करायला विसरू नका!