लॉकर बदलावा का? आणि ती धून मनातून जात का नाही?

प्रश्न : ‘झीरो टाइम डायलेमा’ या गेममध्ये एक प्रसंग आहे. समोर दहा लॉकर, त्यांतल्या एकातच गॅस मास्क. आपण एक लॉकर निवडायचा. मग उरलेल्यांपैकी आठ रिकामे लॉकर उघडले जातात आणि आपल्याला विचारलं जातं, निवड बदलायची का? माझी ताई म्हणते, बदललीस तर मास्क मिळण्याची शक्यता नव्वद टक्के. मी म्हणते, दोनच लॉकर उरलेत, म्हणजे निम्मी-निम्मी. कोणाचं बरोबर? आणि दुसरं असं की, या मालिकेचे चाहते कोड्यांपेक्षाही तिच्या संगीताबद्दल इतकं भरभरून का बोलतात?
— बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : ताईंचं बरोबर आहे. मात्र एका अटीवर, आणि या कोड्याची सगळी गंमत त्या अटीतच आहे.

आधी तुमच्या ‘निम्मी-निम्मी’कडे वळू. हा प्रसंग शंभर वेळा घडला असं धरा. पहिल्या निवडीच्या वेळी तुम्हाला काहीच माहीत नसतं, त्यामुळे शंभरातल्या साधारण दहा वेळा मास्क तुमच्याच लॉकरमध्ये असेल आणि नव्वद वेळा तो उरलेल्या नऊंपैकी कुठेतरी असेल. आता लॉकर उघडणाऱ्याला मास्क कुठे आहे ते ठाऊक आहे आणि तो मुद्दाम रिकामेच उघडतो आहे. त्या नव्वद वेळा काय होतं? नऊंपैकी आठ रिकामे उघडले की मागे राहिलेला लॉकर मास्कचाच असणार, दुसरा पर्यायच नाही. म्हणजे पहिल्या निवडीला चिकटून राहणारा दहा वेळा वाचतो आणि बदलणारा नव्वद वेळा. लॉकर दोनच उरले हे खरं, पण ते दोन सारख्या वाटेने उरलेले नाहीत. एक तुम्ही अंदाजाने उचललात, दुसरा जाणत्या माणसाने आठांना बाजूला सारून ठेवला.

आता अट बदलू. उघडणाऱ्याला काहीच माहीत नाही. तो डोळे मिटून आठ लॉकर उघडतो आणि योगायोगाने आठही रिकामे निघतात. पुन्हा शंभर वेळा मोजा. दहा वेळा मास्क तुमच्याकडेच आहे, तेव्हा उघडलेले आठ रिकामे असणारच. उरलेल्या नव्वदांपैकी ऐंशी वेळा त्याच्या हातून मास्कचाच लॉकर उघडला जाईल आणि कोडं तिथेच संपेल. फक्त दहा वेळा मास्क त्या शेवटच्या लॉकरमध्ये शिल्लक राहील. म्हणजे जे प्रसंग आपल्या वाट्याला येतात त्यांत दहा विरुद्ध दहा. इथे तुमचं निम्मी-निम्मी अगदी बरोबर ठरतं! डोळ्यांना दिसणारं दृश्य दोन्ही वेळा एकच, आठ उघडे आणि दोन बंद. तरी उत्तर वेगळं येतं, कारण दारं उघडणाऱ्याच्या डोक्यात काय होतं यावर ते ठरतं. संभाव्यतेच्या गणितात मला याहून सुंदर गोष्ट क्वचितच भेटली आहे.

हे कोडं गेमने तयार केलेलं नाही. स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात ते तीन खोक्यांच्या रूपात मांडलं. अमेरिकेत ‘लेट्स मेक अ डील’ हा टीव्ही कार्यक्रम १९६३पासून चालू होता. त्याच्या सूत्रसंचालकाच्या नावावरून कोड्याचं नाव पडलं ‘मॉण्टी हॉल’. त्याचे पूर्वजही आहेत. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तीन कैद्यांचं कोडं दिलं होतं, आणि त्याच्याही आधी, १८८९ साली, फ्रेंच गणिती जोसेफ बर्त्रां यांनी तीन पेट्यांचं.

पण हे कोडं घराघरांत पोहोचलं ते मात्र अशाच एका प्रश्नोत्तरांच्या सदरातून. ‘परेड’ या अमेरिकी साप्ताहिकात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. ९ सप्टेंबर १९९०च्या अंकात त्यांनी लिहिलं की, निवड बदलावी. तीन दारं असतील तर बदलणारा तिनांपैकी दोनदा जिंकतो. त्यावर सुमारे दहा हजार पत्रं आली, त्यांतली जवळजवळ हजार पीएच.डी. असलेल्यांची. बहुतेकांचं म्हणणं एकच, तुम्ही चुकलात. गणिताच्या प्राध्यापकांनी त्यांना कडक शब्दांत सुनावलं. त्या मागे हटल्या नाहीत. दशलक्ष दारांचं उदाहरण देऊन त्यांनी पुन्हा समजावलं, देशभरातल्या शाळांतल्या वर्गांना प्रयोग करून पाहायला सांगितलं, आणि मुलांनी मोजलेल्या आकड्यांनी त्यांचा शब्द खरा ठरवला. सदर लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यांचा हा धीर आठवणीत ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा तुम्हाला पटायला वेळ लागला म्हणून खट्टू होऊ नका. पॉल एर्डश हे विसाव्या शतकातले फार मोठे गणिती. त्यांच्या मित्राने, अँड्र्यू वाझ्सोनी यांनी, लिहून ठेवलं आहे की एर्डशना हे उत्तर आधी मान्यच होईना. संगणकावर खेळ पुन्हापुन्हा चालवून दाखवला तेव्हा ते नमले. याउलट कबुतरं! २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कबुतरांसमोर हाच खेळ दाण्याच्या बक्षिसासह मांडला होता. सरावाने ती जवळजवळ प्रत्येक वेळी निवड बदलायला शिकली. तोच खेळ खेळणारे विद्यार्थी सरावानंतरही तितक्या सातत्याने बदलत नव्हते.

मॉण्टी हॉल स्वतः काय म्हणाले, तेही ऐकण्यासारखं आहे. १९९१मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या प्रतिनिधीला त्यांनी घरी हा खेळ खेळून दाखवला आणि बदलणाऱ्याला हरवून दाखवलं. कसं? खेळाडूने चुकीचं दार निवडलं की ते लगेच उघडून मोकळे होत, आणि बरोबर निवडलं असेल तेव्हाच बदलण्याची संधी देत. सूत्रसंचालकाने दरवेळी रिकामं दार उघडून संधी द्यायलाच हवी, हा नियम आधी ठरलेला नसेल तर दोन-तृतीयांशाला काही आधार राहत नाही.

‘झीरो टाइम डायलेमा’त हे कोडं इतकं का बोचतं, ते इथे कळतं. दारं उघडणारा इथे हसतमुख सूत्रसंचालक नाही. नऊ माणसांना कोंडून ठेवणारा, तोंडावर मुखवटा चढवलेला ‘झीरो’ आहे. तो नियम पाळेल का, हा प्रश्न शक्यतेच्या गणिताइतकाच महत्त्वाचा होतो, आणि वहीत सोडवताना हा भाग आपण सहज विसरतो. ताईंच्या नव्वद टक्क्यांत झीरोवरचा विश्वास गृहीत धरलेला आहे.

शक्यता या गेमच्या हाडामासात आहे. पहिल्याच प्रसंगात झीरो नाणं उडवतो, एक बाजू लाल आणि एक निळी. बरोबर ओळखलं तर सगळे सुटतात आणि सुरुवातीलाच पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते. चुकलं तर जीवघेणा खेळ सुरू. खेळणारा मागे जाऊन दुसरीही वाट धरू शकतो. मघाशी आपण शंभर वेळा मोजलं, तो हिशोब गेम फाटे फुटणाऱ्या नकाशासारखा समोर पसरून ठेवतो. फरक एवढाच की, वहीतल्या ‘दहा वेळा मास्क मिळाला नाही’ या ओळीत माणसं नसतात. गेममधल्या त्या फाट्यावर मात्र ज्यांची नावं आणि आवाज आपल्या ओळखीचे झाले आहेत अशी माणसं असतात.

आणि तिथेच संगीत कामाला येतं, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापासून वेगळा नाही.

या मालिकेतल्या तिन्ही गेमचं लेखन-दिग्दर्शन कोतारो उचिकोशी यांचं आणि संगीत शिंजी होसोए यांचं. पहिला ‘नाइन अवर्स, नाइन पर्सन्स, नाइन डोअर्स’, चाहत्यांच्या तोंडी ‘९९९’, जपानमध्ये २००९ साली निंटेंडो डीएसवर आला. दुसरा ‘व्हर्च्यूज लास्ट रिवॉर्ड’ २०१२चा, तिसरा आपला २०१६चा. होसोए मूळचे नामको कंपनीतले. ‘ड्रॅगन स्पिरिट’ आणि ‘रिज रेसर’च्या संगीतात त्यांचा मोठा हात. शर्यतीच्या गेमला धडधडता ठेका देणारा हा माणूस बंद खोलीत फार निराळा वागतो. खोलीतून बाहेर पडण्याचं कोडं सोडवताना जे वाजतं ते इलेक्ट्रॉनिक, आवर्तनात फिरणारं, किंचित अस्वस्थ करणारं असतं. ते विचार मोडत नाही, पण निवांतही बसू देत नाही. ‘९९९’मधल्या अशा काही तुकड्यांना ‘बायनरी गेम’, ‘ऑक्टल गेम’ अशी अंकपद्धतींची नावं आहेत. अंकांचं वेड त्या गेममध्ये सगळीकडेच आहे. तिथली दारं उघडतात ती हातावरच्या आकड्यांची बेरीज करत एका अंकावर आणून. १, ४, ५ आणि ६ आकड्यांची माणसं एकत्र आली तर बेरीज १६, तिच्या अंकांची बेरीज ७, म्हणून सातव्या दारातून जाता येतं. गुणाकाराचा ताळा पाहताना आपल्याकडे हीच रीत वापरत आले आहेत.

पण चाहते ज्या धुनेसाठी जीव टाकतात ती वेगळी. तिचं नाव ‘मॉर्फोजेनेटिक सॉरो’. संथ, उदास, पियानोच्या अंगाने जाणारी. ‘९९९’मध्ये ती कोड्यांच्या वेळी वाजत नाही. पात्रं थांबतात, एकमेकांना काही सांगतात, काही गमावतात, तेव्हा ती येते. होसोएंनी ती पुढच्या दोन गेममध्येही आणली, वेगळ्या रूपात. पहिला गेम खेळलेल्या माणसाला दुसऱ्यात ती ऐकू आली की, पात्रांना जे अजून उमगलेलं नाही ते त्याला आधी उमगतं. एका वाटेवरचं दुःख दुसऱ्या वाटेवर आठवणं हाच या मालिकेचा कथाविषय आहे, आणि ते आठवण्याचं काम खेळणाऱ्याकडून ही धून करून घेते. म्हणून मला ती नुसतं पार्श्वसंगीत वाटत नाही, ती कथेचाच भाग आहे. पियानोवर, गिटारवर चाहत्यांनी तिची किती रूपं वाजवली आहेत, शोधून ऐका. दुसऱ्या गेममधली ‘ब्लू बर्ड लॅमेंटेशन’ हीदेखील अशीच लाडकी.

या प्रेमाने एक ठोस काम करून दाखवलं. पहिल्या दोन गेमना जपानमध्ये पुरेसं यश मिळालं नव्हतं. फेब्रुवारी २०१४मध्ये उचिकोशींनी जाहीर केलं की, तिसरा गेम अनिश्चित काळासाठी थांबला आहे. कथा ऐन अर्ध्यावर होती. चाहत्यांनी ‘ऑपरेशन ब्लूबर्ड’ नावाची मोहीम काढली. चित्रं, पत्रं, संदेश यांतून ते आपलं म्हणणं मांडत राहिले. जुलै २०१५मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘अ‍ॅनिमे एक्स्पो’त तिसऱ्या गेमची घोषणा झाली आणि थांबलेलं काम पुन्हा हाती घेण्यामागे चाहत्यांचा आग्रह हेही एक कारण असल्याचं उचिकोशींनी सांगितलं. तुम्ही आणि ताई ज्या लॉकरवरून वाद घालत आहात, तो या माणसांच्या हट्टामुळे अस्तित्वात आला.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. पहिले दोन गेम ‘द नॉनरी गेम्स’ या नावाने २०१७मध्ये एकत्र, नव्या रूपात निघाले आहेत. सुरुवात तिथूनच करा, क्रम मोडू नका, आणि शेवट कुठे वाचून घेऊ नका. तिसऱ्यात रक्तपात बराच आहे, तो लहान मुलांच्या हाती देऊ नये. हेडफोन जरूर लावा.

आणि तुम्हा दोघी बहिणींसाठी एक काम. पत्त्यांच्या कॅटमधून एक एक्का आणि दोन साधी पानं काढा. ताईंनी पानं पाहून पालथी मांडायची, तुम्ही एकावर बोट ठेवायचं, ताईंनी उरलेल्यांपैकी साधं पान उघडायचं, आणि तुम्ही दरवेळी बदलायचं. तीस डाव खेळा, साधारण वीस वेळा एक्का मिळेल. मग पानं पिसून, ताईंनीही न पाहता, आणखी तीस डाव. उघडलेलं पान एक्का निघाला तर तो डाव सोडून द्या. असे दहाएक डाव बाद होतील आणि उरलेल्यांत बदलण्याचा फायदा जवळजवळ नाहीसा होईल. दोन्ही वेळचे आकडे आम्हाला लिहून पाठवा. इतर वाचकांनीही पाठवावेत, पुढच्या एखाद्या अंकात ते एकत्र करून छापू.