जॉकीची मांड, ट्रेनरची नजर

प्रश्न : पुण्याच्या पावसाळी मोसमातल्या शर्यती मी आवडीनं बघतो. इथे घोडे सपाट मैदानावर धावतात. इंग्लंडमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीही असतात. अशा शर्यतींतला अव्वल जॉकी पुढे ट्रेनर म्हणूनही अव्वल ठरला, असं कधी झालंय का? – एक वाचक, पुणे

उत्तर : झालंय. फ्रेड विंटर हे ते नाव. चार वेळा चॅम्पियन जॉकी, आठ वेळा चॅम्पियन ट्रेनर. अडथळ्यांच्या शर्यतींत ग्रँड नॅशनल, चेल्टनहॅम गोल्ड कप आणि चॅम्पियन हर्डल या तीन सर्वांत मानाच्या. या तिन्ही जॉकी म्हणून जिंकायच्या आणि ट्रेनर म्हणूनही, हे विंटर यांच्याखेरीज कुणालाही जमलेलं नाही.

जन्म १९२६ चा. वडीलही जॉकी होते, पण सपाट शर्यतींचे. मुलानंही तिथेच सुरुवात केली. मात्र अंगानं भरत गेल्यावर सपाट शर्यतीत बसण्याइतकं वजन राखणं अशक्य झालं. अडथळ्यांच्या शर्यतीत जॉकीला वजनाची सवलत जास्त असते, तशी हाडं मोडायची शक्यताही. विंटर यांचा कणा १९४८ मध्येच जायबंदी झाला होता. १९५२-५३ च्या मोसमात त्यांनी १२१ शर्यती जिंकून विक्रम केला आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्याच दिवशी त्यांचा पाय मोडला. सबंध मोसम वाया गेला. त्यानंतर ते पुन्हा सलग तीन मोसम चॅम्पियन झाले, यावरून त्यांची चिकाटी कळते.

पण जॉकी म्हणून ते काय चीज होते, हे समजून घ्यायचं तर जून १९६२ मधली पॅरिसच्या ओतय मैदानावरची शर्यत पाहावी. घोडा मँडरिन, अकरा वर्षांचा, चणीनं लहान. वजन राखण्यासाठी उपाशी राहिलेल्या विंटर यांचं पोटही त्या दिवशी बिघडलेलं. तीन-चार उड्या झाल्या आणि मँडरिनच्या तोंडातली लगामाची कडी तुटली. वाद्या हातात, पण घोड्याच्या तोंडाशी संबंध संपलेला. मैदान इंग्रजी आठच्या आकाराचं, वळणंच वळणं, पुढे सहा किलोमीटरच्या आसपास अंतर. अशा वेळी जॉकी घोडा बाजूला काढतो. विंटर यांनी मांड आवळली आणि केवळ गुडघ्यांच्या दाबानं, शरीराचा तोल इकडून तिकडे झुकवत घोडा वळवला. शेवटच्या टप्प्यात मँडरिनच्या पायाची शीर दुखावली, तरी तो थांबला नाही. डोक्याएवढ्या फरकानं शर्यत जिंकली! मँडरिन पुन्हा कधी धावला नाही. विंटर मात्र त्याच दुपारी दुसऱ्या घोड्यावर बसून आणखी एक मोठी शर्यत जिंकले.

१९६४ मध्ये खोगीर खाली ठेवलं तेव्हा त्यांच्या नावावर ९२३ विजय होते. शर्यती सुरू करून देणाऱ्या स्टार्टरच्या हाताखाली काम मिळावं म्हणून त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला. मग लॅम्बोर्न गावी पागा उभी केली आणि ट्रेनरचा परवाना घेतला. पहिल्याच मोसमात जे ट्रम्प या घोड्यानं ग्रँड नॅशनल जिंकली, दुसऱ्या मोसमात अँग्लोनं.

मोठा जॉकी आपोआप मोठा ट्रेनर होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जॉकीला घोडा काही मिनिटं सांभाळायचा असतो, ट्रेनरला वर्षानुवर्षं. आणि ऐन शर्यतीत त्याच्या हातात काहीच उरत नाही, कारण घोड्यावर बसलेला असतो दुसराच कुणी. विंटर यांना ही दुसरी माणसं ओळखता आणि घडवता आली. जॉन फ्रँकम त्यांच्याच पागेचा जॉकी म्हणून सात वेळा चॅम्पियन झाला. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेला निकी हेंडरसन पुढे स्वतः चॅम्पियन ट्रेनर झाला. १९८७ मध्ये घरात जिन्यावरून पडून विंटर यांच्या डोक्याला जबर मार बसला, वाचा गेली आणि कारकीर्द संपली. २००४ मध्ये ते वारले.

त्यांच्यातला ट्रेनर मला सर्वांत ठळक दिसतो तो एका पराभवात. १९७३ च्या ग्रँड नॅशनलमध्ये त्यांच्या क्रिस्प या घोड्यावर प्रतिस्पर्धी घोडा रेड रमपेक्षा दहा किलोंहून अधिक वजन होतं. तरी तो शेवटच्या अडथळ्यावर पंधराएक लांबींनी पुढे होता. अंतिम रेषेकडे जाताना जॉकी रिचर्ड पिटमन यांनी चाबूक उगारला, दमलेला क्रिस्प बाजूला भरकटला आणि रेड रमकडून पाऊण लांबीनं हरला. दोन्ही घोड्यांनी १९३४ चा विक्रम अठराहून अधिक सेकंदांनी मोडला होता. चूक माझी, असं पिटमन उघडपणे सांगत आले. विंटर यांनी त्यांना दूर केलं नाही. पुढच्याच वर्षी पिटमन यांनी विंटर यांच्या लांझारोटवर चॅम्पियन हर्डल जिंकली.

त्या १९७३ च्या शर्यतीचं चित्रण आजही बघायला मिळतं. जरूर बघा आणि नजर क्रिस्पवर ठेवा.