नडगीचे दुखणे आणि घरची मालिश



पहाटे उसाला पाणी द्यायला निघाले की डांबरी रस्त्यावर धावणारी पोरंपोरी हमखास भेटतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की एरवी न धावणारेही एकदम रोज चार-पाच किलोमीटर पळू लागतात, आणि थोड्याच दिवसांत "नडगी लई ठणकतीय" म्हणत बसतात.

हे दुखणे बहुधा नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरून सुरू होऊन पट्ट्यासारखे पसरलेले असते. सवय नसताना हाडाला रोज हादरे बसतात, पोटरीचे स्नायू हाडाला ओढतात, आणि आदली झीज भरून निघण्याआधीच दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मारा होतो.

मालिश स्वतःची स्वतःला करता येते. ओट्यावर बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्यावा. थोडे खोबरेल लावावे. नडगीच्या हाडामागे जो मांसल भाग लागतो, त्यावर दोन्ही अंगठे ठेवून घोट्याकडून गुडघ्याकडे सावकाश सरकवावेत. हाडावर मात्र दाबू नये. पोरं नेमकी इथंच चुकतात. दुखतं तिथंच, हाडावरच रगडतात आणि ठणका वाढवून घेतात. मग पोटरी मुठीत धरून सैल करावी. घरातले लाटणे पोटरीवरून हलक्या हाताने फिरवले तरी चालते. प्रत्येक पायाला पाच मिनिटे पुरेत. शेवटी फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे धरावा.

आता खरी गोम. मालिशने स्नायू सैल होतात, ठणका उतरतो. पण हाडावरचा ताण कमी होतो तो धावणे थांबवल्यानेच. तेल चोळून बरं वाटलं की पोरगं दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर! असे करता करता हाडाला बारीक चीर जाऊ शकते. बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर मालिश बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून 'फोटोत काही नाही' एवढ्यावर पळू नये. मुलीचे खाणे तुटपुंजे असेल, पाळी चुकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी हाड लवकर चिरते. एकच पोटरी सुजून गरम व लाल झाली असेल तर तिला हातच लावू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चालताना आणि दाबून पाहताना दुखेनासे झाले, की मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड, आधीच्या निम्म्याच अंतरापासून सुरुवात करावी. तळ झिजलेले बूट तेवढे बदलून द्या.